रेडिओतली खरखर आणि भुजंगधारीतली पोकळी

या वेळच्या सदरातलं अंगण आमच्या बेंगळुरूच्या फ्लॅटच्या गच्चीचं नाही, खरोखरीचं अंगण आहे. शेणानं सारवलेलं, एका कोपऱ्यात फणस, दुसऱ्या कोपऱ्यात तुळशीवृंदावन. गाव जांबोटी. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला गेला असाल तर हे गाव तुम्ही पाहिलेलं आहे, गाडी थांबवली नसेल एवढंच. पुढे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि मध्ये सगळं जंगल. आमचं जुनं घर तिथं आहे, मोठे काका आणि काकू तिथं राहतात, आणि मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं पोराबाळांसकट त्यांच्यावर जाऊन पडतो.

यंदा शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी वळवाची चाहूल लागली आणि पहिला थेंब पडायच्या आधीच वीज गेली. (जांबोटीत वीज जायला पाऊस लागत नाही, ढग पुरतो.) मोबाइलांचं चार्जिंग संपत आलेलं. पोरं कंटाळून ओसरीवर आली, तर तिथं मोठे काका सेलवर चालणारा त्यांचा रेडिओ मांडीवर घेऊन बसलेले. मीडियम वेव्हवर कुठलंसं भजन लागलं होतं आणि मधूनमधून मोठी खरखर येत होती. खर्रर्र, मग शांत. पुन्हा खर्रर्र.

"आजोबा, तुमचा रेडिओ बिघडलाय," माझा भाचा म्हणाला. तो सातवीत आहे, त्याला सगळं बिघडलेलंच दिसतं.

"रेडिओ कशाला बिघडतोय? वीज चमकतीय तिकडं, कणकुंबीच्या अंगाला," काका म्हणाले.

भाची दहावी झालेली, ती उठून अंगणात जाऊन बघून आली. "कुठंय वीज? काही दिसत नाही. आवाजपण नाही."

"डोंगराच्या पलीकडं आहे. दिसणार कशी? रेडिओला कळतंय ते."

आणि खरंच, अर्ध्या तासानं त्याच बाजूनं लखलखाट सुरू झाला, मग गडगडाट, मग टपोरा पाऊस. काका काही रेडिओचे इंजिनिअर नव्हेत, पण सत्तर वर्षांच्या पावसाळ्यांनी त्यांना जे शिकवलं ते बरोबर होतं. वीज चमकते तेव्हा प्रकाश आणि आवाजाबरोबर रेडिओलहरीही निघतात. डोंगर प्रकाश अडवतो. मीडियम वेव्हच्या लांब लहरी डोंगराला फारशी दाद देत नाहीत. दिसायच्या आणि ऐकू यायच्या आधी वीज खरखरीतून कळते ती त्यामुळे.

मी इतके दिवस ज्या एका दीर्घिकेबद्दल या सदरात लिहायचं म्हणत होते आणि सुरुवात सापडत नव्हती, ती सुरुवात काकांच्या मांडीवर सापडली.

पाऊस अकराच्या सुमाराला थांबला. वीज आली नव्हतीच. धुऊन निघालेलं आकाश, खाली एकही दिवा नाही, फणसाखाली काजवे. आम्ही खाटा अंगणात काढल्या. दक्षिणेकडे वृश्चिक पूर्ण वर आली होती. वाचकांपैकी ज्यांना नक्षत्रं ओळखायची सवय नाही त्यांनी इथून सुरुवात करावी, कारण वृश्चिक राशीसारखी नावाला जागणारी रास दुसरी नाही. नांगी वळवलेला विंचू, आणि त्याच्या काळजाशी तांबूस चमकणारी ज्येष्ठा. मे अखेरीला मध्यरात्र उलटली की ज्येष्ठा बरोबर दक्षिणेला येते. हात ताणून मूठ धरायची. मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश मोजते. ज्येष्ठेपासून एक मूठ डावीकडे, आणि किंचित वर. ही जागा भुजंगधारी नावाच्या तारकासमूहाच्या पायाशी येते.

"आत्या, माझी मूठ लहान आहे. मग चुकीचं येणार," भाचा म्हणाला.

"तुझा हातपण लहान आहे. जमतं बरोबर."

"पण तिथं काही नाहीये."

तिथं काही दिसत नाही हे त्याचं म्हणणं खरं होतं. त्या दिशेला आपल्याच आकाशगंगेचा मध्यभाग आहे, ताऱ्यांची आणि धुळीची दाटी आहे. तिच्या खूप मागे, ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, एक दीर्घिकासमूह आहे. त्याला त्या तारकासमूहावरूनच 'ऑफिउकस' म्हणजे भुजंगधारी दीर्घिकासमूह म्हणतात. दीर्घिकासमूह म्हणजे शेकडो, कधी हजारो दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणानं बांधलेल्या. त्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथं अतिशय विरळ पण भयंकर तापलेला वायू भरलेला असतो, या समूहात सुमारे दहा कोटी अंश. इतका तापलेला वायू क्ष-किरण सोडतो. आणि या सगळ्याच्या मधोमध बसलेली असते एक थोराड दीर्घिका, जवळजवळ नेहमीच लंबवर्तुळाकार.

आपली आकाशगंगा सर्पिल आहे. बहुतेक तारे एका चपट्या तबकडीत, एकाच दिशेनं फिरतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत तशी शिस्त नसते. पावसाळ्यात दिव्याभोवती पाखरं कशी जमतात, प्रत्येकाची घिरटी वेगळी, कुणी वरून, कुणी खालून, कुणी आडवं, आणि लांबून पाहिलं तर नुसता एक गोलसर पुंजका. तिथले तारे तसे. आणि ते बहुतेक म्हातारे असतात, पिवळे-तांबडे. नवे निळे तारे जन्मायला थंड वायू लागतो, तो या दीर्घिकांत फार थोडा असतो. समूहाच्या मध्यावरची दीर्घिका तर आजूबाजूच्या लहान दीर्घिका गिळत गिळत मोठी झालेली असते.

इथं एक कोडं होतं, आणि ते खगोलशास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होतं. समूहातला तो तापलेला वायू क्ष-किरण सोडतो म्हणजे ऊर्जा घालवतो. ऊर्जा घालवली की तो थंड व्हायला हवा. थंड झाला की मध्यावरच्या दीर्घिकेत ओघळायला हवा, आणि तिथं ताऱ्यांचं पीक यायला हवं. तसं तर फारसं दिसत नाही. वायू थंड होऊ न देणारी कुठली चूल आहे?

या प्रश्नाचं आज बहुतेकांना पटलेलं उत्तर म्हणजे मध्यावरचं कृष्णविवर. प्रत्येक मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या पोटात सूर्याच्या कोट्यवधी, कधी अब्जावधी पट वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्याच्याकडे वायू ओघळतो, पण सगळा आत जात नाही. काही भाग दोन विरुद्ध दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फेकला जातो. हे झोत बाहेरच्या तापलेल्या वायूत घुसतात आणि त्यात बुडबुड्यासारख्या पोकळ्या करतात. त्या रेट्यानं वायू पुन्हा तापतो. मग वायू ओघळणं थांबतं, कृष्णविवराचा खुराक बंद होतो, झोत विझतात. पुन्हा कधीतरी सुरू.

आता भुजंगधारीतल्या त्या दीर्घिकेची गोष्ट. २०१६ साली नॉर्बर्ट वेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्रा या अंतराळ-दुर्बिणीनं घेतलेल्या क्ष-किरणांच्या चित्रात एक विचित्र गोष्ट पाहिली. (या दुर्बिणीचं नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांवरून.) समूहाच्या तापलेल्या वायूत एक वाकडी कड होती. जणू कुणी डाव घालून भात काढावा आणि भांड्यात गोल खळगा राहावा तशी. ही झोतानं पाडलेल्या पोकळीची भिंत असेल का, असा विचार त्यांनी केला. गणित मांडलं. तेवढी पोकळी पाडायला लागणारी ऊर्जा इतकी अफाट निघाली की त्यांनी ती शक्यता बाजूला ठेवली.

भाची इथं एकदम उठून बसली. "म्हणजे त्यांना सापडलं होतं, आणि त्यांनी सोडून दिलं?"

सोडून दिलं असं मी म्हणणार नाही. एकाच प्रकारच्या पुराव्यावर एवढा मोठा दावा करायचा नाही, हे मला योग्यच वाटतं. कड दिसली होती, पण तिच्या आत काय आहे हे क्ष-किरणांना सांगता येत नव्हतं. आतली गोष्ट कळायला दुसरं इंद्रिय हवं होतं.

झोतातून बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओलहरी सोडतात. झोत ताजा असेल तर सगळ्या लहरी भरपूर असतात. झोत विझून काळ लोटला की इलेक्ट्रॉन दमतात. सगळ्यांत आधी कमी होतात त्या जास्त कंप्रतेच्या लहरी. सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतात त्या कमी कंप्रतेच्या, लांब लहरी. रात्री चूल विझते, निखारे दिसेनासे होतात, पण पहाटे राखेवर हात धरला तर ऊब लागते ना, तसं. जुन्या, विझलेल्या स्फोटाची ऊब हवी असेल तर कमी कंप्रतेवर ऐकू शकणारी दुर्बीण पाहिजे. आणि जगातल्या त्या कामाच्या सगळ्यांत चांगल्या दुर्बिणींपैकी एक आपल्या जुन्नर तालुक्यात आहे.

पुण्याहून नाशिक रस्त्यानं सुमारे ८० किलोमीटरवर नारायणगाव, आणि तिथून आत खोडद. तिथली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची दुर्बीण. एक नाही, ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तरी तबकडीत जागा उरेल. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, उसाच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांमधून पसरलेल्या. सगळ्या मिळून २५ किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीसारखं काम करतात.

मी विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथं गेले होते, २८ फेब्रुवारीच्या आसपास ती लोकांसाठी उघडी असते. पहिला धक्का हा, की तबकडीतून आरपार आकाश दिसतं. ती पत्र्याची नाहीच. पोलादी दोऱ्यांवर ताणलेली बारीक तारेची जाळी आहे, भोकं एक-दोन सेंटिमीटरची. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. लहर सव्वा मीटर लांबीची असेल तर तिला दोन सेंटिमीटरचं भोक जाणवत नाही, तिच्या दृष्टीनं ती अखंड भिंतच. आणि वाऱ्याला मात्र ती जाळी असते, तो निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला, खर्च कितीतरी कमी झाला. परदेशी आराखडा आणून हे झालं नसतं, पैसेच पुरले नसते.

तर या जीएमआरटीची जुनी निरीक्षणं, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन इथल्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं, आणि चंद्रा व युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणींची क्ष-किरणांची चित्रं, हे सगळं सिमोना जाचिंतुच्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकावर एक ठेवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. त्या वाकड्या कडेच्या आत, नेमकी तिला चिकटून, रेडिओलहरींचा मोठा ढग होता. त्या गटातल्या एका शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन हातमोज्यात बसलेला हात असं केलं. २०१६ साली बाजूला ठेवलेली शक्यताच बरोबर निघाली.

केवढी ही पोकळी? आपल्यासारख्या १५ आकाशगंगा ओळीनं मांडल्या तर त्यात मावतील. त्याआधी ज्या समूहातला स्फोट सगळ्यांत मोठा मानला जात होता, त्याच्या पाचपट ऊर्जा यात खर्च झाली होती. स्फोट म्हटलं की आपल्याला सुतळी बॉम्ब आठवतो, पण हा तसा एका क्षणाचा नव्हे. कोट्यवधी वर्षं सावकाश चाललेला स्फोट. आणि आता तो संपलेला आहे. समूहातला सगळ्यांत दाट आणि थंड वायू त्या दीर्घिकेच्या मध्यापासून साधारण ६,५०० प्रकाशवर्षं बाजूला सरकलाय, हिंदकळलेल्या ताकासारखा. म्हणजे कृष्णविवराचा खुराकच बाजूला गेला असावा.

"आणि दुसऱ्या बाजूची पोकळी? दोन झोत असतात म्हणालीस ना मावशी?" भाचीनं विचारलं. मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्या बाजूला रेडिओलहरी सापडल्या नाहीत. तिकडे वायू विरळ असावा, त्यामुळे त्या लवकर पसरून विरल्या असाव्यात, असं संशोधकांना वाटतं.

आम्हाला आज जे कळतंय तेसुद्धा ३९ कोटी वर्षांपूर्वीचं. त्या लहरी निघाल्या तेव्हा पृथ्वीवर मासे होते, पहिली जंगलं नुकती उगवत होती. सह्याद्रीचा काळा पाषाण ओतला जायला अजून ३२ कोटी वर्षं होती. त्या लहरी खोडदच्या जाळीवर येऊन पडल्या, आणि ती जाळी ज्यांनी विणवली ते गोविंद स्वरूप २०२० साली सप्टेंबरात, ९१ व्या वर्षी गेले.

हे सगळं बोलून होतं न होतं तोच वीज आली.

मागच्या वर्षी काकांनी अंगणात खांबावर एक एलईडी दिवा लावून घेतलाय. पांढराशुभ्र, डोळ्यांत घुसणारा. तो एकदम पेटला आणि ज्येष्ठा सोडून बाकी विंचू पुसला गेला. काजवेही दिसेनात. पोरांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं. आणि त्याच क्षणी ओसरीवरचा रेडिओ गुरगुरायला लागला. विजेची खरखर तुटक असते, ही सलग होती, भजन त्यात बुडूनच गेलं. भाचीनं जाऊन खांबाचं बटण बंद केलं. गुरगुर थांबली. चालू केलं, पुन्हा गुरगुर. स्वस्तातल्या एलईडी दिव्यांच्या आत विजेची उघडझाप करणारं सर्किट असतं, नीट बंदिस्त केलेलं नसेल तर तेही रेडिओलहरी सोडतं.

"आजोबा, तुमच्या दिव्यानंच तुमचं भजन घालवलंय!"

काका म्हणाले, "दिवा पाहिजेच. मागच्या शिमग्यात अस्वल परसापर्यंत आलं होतं. तुम्ही आठ दिवसांनी बेंगळुरू, पुणे. आम्ही दोघंच इथं. रेडिओ आत नेतो मी, खरं दिवा राहू दे."

मी गप्प बसले. या भागात अस्वलानं माणसाला फाडल्याच्या बातम्या येतात, आणि रात्री परसात जायचं काकूंना असतं, मला नाही.

नेमका हाच पेच खोडदला आहे, फक्त मोठा. तिथं दुर्बीण उभारली कारण त्या भागात रेडिओचा गोंगाट कमी होता, डोंगरांचा आडोसा होता. आज मोबाइलचे मनोरे आहेत, कारखाने आहेत. पुणे-नाशिक नव्या रेल्वेचा मार्ग नारायणगावच्या बाजूनं आखला होता. विजेची गाडी धावताना वरच्या तारेशी ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे लहानशी वीजच, तीही खरखरते. दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून तो मार्ग बदलायचं रेल्वेनं ठरवलं, आणि जुन्नर-आंबेगावकडचे लोक नाराज झाले. माल बाजारात न्यायला रेल्वे मिळणार म्हणून किती वर्षं वाट पाहिलेली माणसं ती. ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या राखेची ऊब लागावी म्हणून आमची गाडी का जावी, असं त्यांनी विचारलं तर त्यांना अडाणी म्हणण्याचा हक्क मला नाही. पण ती शांतता एकदा गेली की परत आणता येत नाही, हेही तितकंच खरं. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेणं सोपं नाही, आणि नेणार तरी कुठं? माझं मत विचाराल तर गाडी लांबून का होईना पण जावी, आणि त्या गावांना तिचा फायदा पोचवायची जबाबदारी सगळ्या देशानं घ्यावी. नुसतं "विज्ञानासाठी त्याग करा" हे दुसऱ्याला सांगायला फार सोपं असतं.

आमच्या अंगणातला तंटा दुसऱ्या दिवशी थोडा निवळला. भाऊ जांबोटीच्या बाजारातून एक पत्र्याची टोपी करून घेऊन आला, दिव्याचा उजेड खाली अंगणात पडेल आणि वर जाणार नाही अशी. बटण ओसरीवरून काकांच्या खाटेजवळ आणलं. दिवा बदलायला काका तयार नाहीत, "चालतोय तो, टाकायचा कशाला?" त्यामुळे गुरगुर आहेच. रात्री अकरा ते एक दिवा बंद ठेवायचा असं ठरलं, मात्र पोरांनी अंगणाच्या कट्ट्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि कुत्र्याला मोकळं सोडायचं.

निघायच्या आदल्या रात्री साडेबाराला मला जाग आली. काका अंगणात उभे होते, एकटे. हात ताणून मूठ धरलेली, ज्येष्ठेच्या डावीकडे.

"इथंच ना गे?" त्यांनी विचारलं.

"किंचित वर. हां, तिथंच."

बराच वेळ ते बघत राहिले. "दिसत तर काही नाही."

"नाहीच दिसत काका."

"बरं," म्हणाले, आणि ओसरीवर जाऊन त्यांनी रेडिओ लावला.